कुंभार पिंपळगावच्या रस्त्यावर

व्याख्यान संपलं की मागच्या रांगेतून कुणीतरी उठतंच. "बाई, तुमचा तो पिंजारी घरी कधी पोचणार?" माझ्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांना या पिंजाऱ्यानं फार छळलंय. ढगांची गावं, सावल्या तोलणारा राजा, मिठाची नदी, सगळं ओलांडून तो चालतोच आहे आणि प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी अजून रस्त्यावरच असतो. मी काहीतरी थातूरमातूर सांगते, लोक हसतात, शाल-नारळ होतो, चहा येतो. खरं उत्तर चहा निवायच्या आत सांगून होण्यासारखं नाही.

दुसरा प्रश्न शहाण्या लोकांचा. मराठवाड्यात जन्मून, एवढे हाल बघून या बाईला राक्षस आणि जादूच कशी सुचते, हिला माणसांचं दुःख दिसत नाही का? हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. मला जादू सुचली नाही हो. ती माझ्या गळ्यात पडली, दहा वर्षांची असताना, दिवेलागणीला, आमच्या उंबऱ्यात.

आम्ही जालन्यात कुंडलिका नदीच्या जवळ एका बोळात राहायचो. वडील मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. आलेलं धान्य मोजून द्यायचं, हे त्यांचं काम. मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. वडलांना ती सवय इतकी जडलेली की ताटात भाकरी घेतानाही "लाभ, दोन" चालायचं. वडलांना मी दादा म्हणायचे. मी एकुलती एक. "आमचं माप लाभावरच थांबलं," असं म्हणून ते मला चिडवायचे आणि आई त्यांच्याकडे डोळे वटारून बघायची.

अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात मोंढा बंद पडला. निजामी जाणार की राहणार या धामधुमीत व्यापारी दुकानं बंद करून बसले होते, गाड्या येत नव्हत्या, आणि डब्यातली ज्वारी तळाला गेली होती. वडलांचा धाकटा भाऊ, माझा काका, कुंभार पिंपळगावला शेती करायचा. त्याच्याकडून ज्वारी आणायची म्हणून वडील एका सकाळी निघाले. अंबडपर्यंत पायी, पुढं गाडी मिळाली तर गाडी. चपलेचा अंगठा तुटलेला, तो त्यांनी सुतळीनं बांधला. आईला म्हणाले, "लई गडबड दिसली तर तिथंच राहीन. निवलं की येतो. वाट बघू नको."

आईनं वाट बघितली नाही, हेच तर झालं. तिला वाटलं, ते पिंपळगावात सुखरूप आहेत. काकाला वाटलं, असल्या दिवसांत भाऊ जालना सोडायचा नाही. टपाल बंद, मोटारी बंद. दोन्ही घरं एकमेकांच्या भरवशावर निवांत झोपत होती आणि मधल्या मधे माझे वडील नाहीसे झाले होते.

पोलिस ॲक्शन झाली, निजामी गेली, रस्ते मोकळे झाले, आणि एक दिवस काका खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन दारात उभा राहिला. "भाऊ कुठंय? म्हनलं तुमच्याकडं दाणे सरले असतील."

आई हात पुसत बाहेर आली. "तुमच्याकडंच गेल्ते की ते."

खांद्यावरचं पोतं खाली ठेवायचंही काकाला सुचेना. आई त्याच्या मागे बोळाकडे बघत राहिली, वडील मागून येत असल्यासारखी. मग ती उंबऱ्यातच बसली. काकानं पोतं तिच्या शेजारी टेकवलं आणि तोही बसला.

त्यानंतर काकानं तो सगळा रस्ता पायी पालथा घातला. अंबडला कुणीतरी चपलेला सुतळी बांधलेला माणूस बघितला होता. त्याच्या पुढे कुणी काही बघितलं नव्हतं, किंवा सांगत नव्हतं. प्रेत नाही, कपडा नाही, चप्पल नाही. प्रेत नाही म्हणजे माणूस मेला असं म्हणता येत नाही, म्हणून आईच्या कपाळावरचं कुंकू तसंच राहिलं.

आमच्या समोरच्या दारात खाला राहायची, सगळा बोळ तिला खाला म्हणजे मावशी म्हणायचा. तिचा नवरा पिंजारी, गाद्या-रजया पिंजून द्यायचा. त्याच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा टणत्कार बोळाच्या टोकापर्यंत यायचा. पोलिस ॲक्शन झाली त्याच आठवड्यात एका दुपारी मुसलमानांची घरं शोधत बोळात जमाव शिरला. पिंजारी खांद्याला धनुकली अडकवून मागच्या दारानं निघाला. जीव घेऊन पळणाऱ्यानं धनुकली कशाला घ्यावी, देव जाणे. आईनं आमच्या माळवदावरून त्याला मागची भिंत ओलांडताना बघितलं आणि जमावानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी भाकरी करू राह्यले, मला काय म्हाईत?" पिंजारी पुन्हा दिसला नाही. खालाचे भाऊ तिला न्यायला आले होते, ती गेली नाही. म्हणाली, "मैं गई और वो आए तो?"

आई आणि खाला यांच्यात जीव होता, पाण्याचा व्यवहार नव्हता. आजारपणात एकमेकींचं डोकं दाबतील, पण खालाच्या हातचं पाणी आईनं कधी घेतलं नाही. खालालाही त्यात काही वावगं वाटत नसे. ती आमच्याकडे यायची ती बाहेरच्या पायरीवर बसायची आणि स्वतःचा तांब्या घेऊन यायची. हे असंच असतं, असं दोघींनाही वाटायचं.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी आई दिवा लावताना स्वतःशीच पुटपुटली, "कुठंवर आले असतील?"

मी पाटीवर काहीतरी गिरवत होते. वर न बघता म्हणाले, "अंबडच्या पुढं."

"पुढं म्हंजे?"

"पुढं एक गाव लागतं. तिथला राजा माणसांच्या सावल्या तोलून घेतो. त्याला मापाडी पाहिजे होता. त्यानं दादांना ठेवून घेतलंय."

मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. आईनं काड्यापेटी खाली ठेवली आणि माझ्याजवळ येऊन बसली. "मंग? सोडतो का न्हाई त्यो राजा?"

दुसऱ्या दिवशी दिवा लागला तसा तिनं पुन्हा विचारलं, "आज कुठंवर आले?" आणि त्यानंतर रोज.

हे आईला खरं वाटायचं का, असं मला पुढे कित्येकांनी विचारलं. नव्हतं वाटत. आपली पोरगी मनाचं सांगते आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण बाकी कुठूनच काही बातमी येत नव्हती. सरकार सांगत नव्हतं, देव सांगत नव्हता, अंगात येणारी बाई दर वेळेला वेगळी दिशा दाखवत होती. माझ्या गोष्टीत निदान वडील रोज थोडे चालायचे.

खाला समोरच्या दारातून ऐकायची. एके दिवशी तांब्या घेऊन पायरीवर येऊन बसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "और हमारे वाले?"

मी वडलांच्या रस्त्यावर धुकं आणलं. इतकं दाट, की आपला हात आपल्याला दिसेना. वडील उभे राहिले. तेवढ्यात धुक्यातून टणत्कार ऐकू आला. पिंजारी पुढं बसून ढग पिंजत होता, पिंजलेला ढग बाजूला सारत होता, आणि मधून रस्ता मोकळा होत होता. वडील त्याला म्हणाले, "अरे, तू हितं कसा?" खाला पदर तोंडाला लावून हसायला लागली. जमाव येऊन गेल्यापासून तिला हसताना मी बघितलं नव्हतं. "धनुकली काम आई ना," ती आईला म्हणाली, "मैं बोलती थी ना?"

त्या दिवसापासून ते दोघं बरोबर चालायला लागले.

कादंबरी कशी लिहावी हे मला कुण्या प्राध्यापकानं नाही शिकवलं. या दोघींनी शिकवलं, आणि बऱ्यापैकी बोलणी खाऊन शिकले. एकदा मी वडलांना पंखांच्या घोड्यावर बसवलं. आई ताडकन म्हणाली, "उतरव खाली. त्यायला बैलगाडीत बसलं तरी मळमळतं." मिठाची नदी ओलांडली तेव्हा तिनं विचारलं, "आन् टाचेला भेगा हायेत त्यायच्या, त्या झोंबल्या असतील की." चपलेची सुतळी अजून टिकली कशी, हे तर ती महिन्यातून एकदा विचारायची. खालाला राक्षसांत गम्य नव्हतं, तिला पिंजाऱ्याला तंबाखू कुठून मिळते ते हवं असे. मग राक्षसांच्या बाजारात मला तंबाखूचं दुकान काढावं लागलं. आणि एक गोष्ट आई हटकून विचारायची, आवाज खाली आणून, खाला पायरीवर असली तरी: "त्याच्या हातचं पाणी पीत न्हाईत ना?" मी सांगायचे, नाही, ओढ्याला दोन वेगळे काठ आहेत. खाला ऐकून मान डोलवायची, बराबर आहे म्हणून.

सगळ्यात अवघड होतं ते त्यांना पोचू न देणं. रोज थोडं जवळ आणायचं आणि कधीच आणायचं नाही. पोचले म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी आईनं दारात कुणाला बघायचं?

वर्षं गेली. मी मॅट्रिक झाले, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. सावल्या तोलणाऱ्या राजाची गोष्ट लिहून मुलांच्या एका मासिकाला पाठवली आणि ती छापून आली. हरखून मी आईला अंक दाखवला. तिला वाचता येत नव्हतं. चित्रावर बोट ठेवून तिनं विचारलं, "हे त्येच? समद्या लोकायला वाटून दिलंस?" आणि तिचा चेहरा उतरला. "मंग आता ज्यायनं त्यायला आडवलं, त्यायलाबी कळंल ते कुठं हायेत." मला आधी हसू आलं, मग अंक मी मिटून ठेवला. पुढे कितीतरी पुस्तकं आली, पण असं भिऊन माझं लिखाण कुणी घेतलं नाही.

साठ साली काका आला. त्याचे केस पांढरे झाले होते. दर सुगीला तो ज्वारी घेऊन यायचा, पण या वेळी पोतं नव्हतं. चहा पिऊन झाला तरी तो रिकामा कप हातात फिरवत बसला.

"वैनी, बारा वर्षं भरून राह्यलीत," तो म्हणाला. "आता पळसविधी करावा लागंल."

बारा वर्षं ज्याचा पत्ता नाही त्याला मेला असं धरायचं, ही आपली रीत. पळसाच्या देठांचा पुतळा बांधायचा, डोक्याच्या जागी नारळ, अंगाला जवाचं पीठ, आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तेरावा, मग सगळं. काका वाईट माणूस नव्हता. त्याला भावाला पाणी द्यायचं होतं. आणि माझ्या लग्नाचं बघायला गेलं की सोयरे पहिलं हेच विचारायचे, मुलीचे वडील आहेत का नाहीत? आहेत म्हणावं तर दाखवा, नाहीत म्हणावं तर आईच्या कपाळाला कुंकू कसं?

"आन् मागून ते आले तर?" आईनं विचारलं.

काकानं भटजींना तेही विचारून ठेवलं होतं. पुतळा जाळल्यावर माणूस परत आला तर त्याला तसा घरात घेता येत नाही. तो नव्यानं जन्मला असं धरायचं. बारसं करायचं, मुंज असेल तर मुंज, आणि बायकोशी पुन्हा लग्न लावायचं.

आई आधी हसली. "बारसं? पाळण्यात कसे मावतील?" काकालाही हसू फुटलं. मग ती हसता हसता थांबली. "म्हंजे त्यायनी दार वाजवलं तर मी कडी काढायची न्हाई. भूत म्हणून लोक दगड मारतील. बारा वर्षं चालून आल्याला माणूस, आन् मी त्यायला दारातून हाकलायचं."

"वैनी, भाऊ येणार न्हाईत आता," काका म्हणाला. हे वाक्य आमच्या घरात प्रथमच कुणी मोठ्यानं उच्चारलं होतं.

आईनं काकाच्या हातातला कप काढून घेतला. शेवटी म्हणाली, "करा. उद्याच्याला करा. पर आज येकदा दिवा लागू द्या."

काका पिंपळगावच्या एसटीनं गेला. विधी गोदेच्या काठी व्हायचा होता, बायकांनी जायचं नव्हतं. दिवेलागणीला खाला नेहमीसारखी तांब्या घेऊन पायरीवर आली. आईनं दिवा लावला, माझ्यासमोर बसली, आणि त्या दिवशी तिनं नेहमीचा प्रश्न विचारला नाही.

"रस्ता संपव," ती म्हणाली. "ते तिकडं चालून राह्यलेत आन् हिकडं त्यायला जाळायचं, हे मला सोसणार न्हाई. लोकायनी सांगितल्यालं मी ऐकणार न्हाई. तू सांग. तू सांगितलं की मी मानीन."

मी म्हणाले, "आई, घरी आणू का?"

"आणता येत असतं तर कवाच आणलं असतंस," ती म्हणाली.

राक्षस मारले होते मी, राजे मारले होते. मी सांगायला लागले. दोघं जण एका माळावर आले. समोर लांब एक नदी चमकत होती, कुंडलिकेसारखी. वडील म्हणाले, जरा टेकतो. लिंबाखाली बसले. चपलेची सुतळी तुटली होती, ती त्यांनी बांधायला घेतली आणि तशीच हातात राहिली. पिंजाऱ्यानं कापूस पिंजला आणि त्यांच्या डोक्याखाली दिला.

"तरास झाला?" आई म्हणाली.

"नाही. दमले होते."

"पाणी?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. मी पायरीकडे बघितलं. ओढ्याला या वेळेला दोन काठ करता आले असते. एखादा साधू आणता आला असता, ब्राह्मण आणता आला असता, आभाळातून गंगा आणता आली असती. बारा वर्षं मी काय वाटेल ते आणलं होतं. पण त्या माळावर दुसरं कुणीच नव्हतं.

"मागितलं," मी म्हणाले. "पिंजाऱ्यानं ओंजळीतून आणून पाजलं. त्याच्या मांडीवर डोकं होतं."

मला वाटलं, आता आई उठून आत जाईल. तिनं विचारलं, "प्यायले?"

"प्यायले. म्हणाले, लाभ."

आईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पुढे कुठल्याच पुस्तकात लिहिला नाही. रडता रडता तिनं पदराचं टोक घेतलं आणि आपल्याच हातानं कपाळ पुसलं. दुसऱ्या दिवशी बोळातल्या बायका येऊन पुसणार होत्या, बांगड्या फोडणार होत्या. त्यांच्यासाठी तिनं काही शिल्लक ठेवलं नाही. कपाळावर लाल फरपटा राहिला, तो मी ओल्या फडक्यानं टिपला.

खाला पायरीवर बसून होती. रडणं ओसरल्यावर ती हळू म्हणाली, "और हमारे वाले? अब अकेले?"

माझ्या मनात याचा विचारच आला नव्हता. एका बाईचा नवरा मी संपवला होता आणि दुसऱ्या बाईचा नवरा त्या माळावर एकटा टाकून दिला होता, मांडीवर मेलेला माणूस घेऊन. खालाला कुणी बारा वर्षांची मुदत सांगितली नव्हती, पुतळा बांधून द्यायला तिला कुणी दीर नव्हता. तिनं रिकामा तांब्या उचलला आणि समोर निघून गेली. दार लावल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गोदेच्या काठी पुतळा जळाला. पुढचे दिवस घर माणसांनी भरलेलं होतं. खालाचं दार संध्याकाळी बंद असायचं. तेरावा झाला, काका आणि पाव्हणे गेले, आणि घरात मी आणि आई उरलो. दिवेलागण झाली. आईनं दिवा लावला. मी मुद्दाम आत भांडी घासत बसले, कारण आता विचारायचं काही राहिलं नव्हतं.

"बाहेर ये," आई म्हणाली.

मी आले तर ती पायात वहाणा न घालता बोळ ओलांडत होती. नव्या विधवेनं वर्षभर घराबाहेर पडायचं नसतं. शेजारच्या दोन दारांत बायका उभ्या राहिल्या. आईनं खालाच्या दारावर थाप मारली, पायरीवर बसली, आणि दार उघडल्यावर म्हणाली, "खाला, पाणी द्या प्यायला."

खाला उभीच राहिली. "मेरे हाथ का?"

"त्यायनी पेलं, मंग मला काय झालं? द्या."

खालानं तांब्या आणला. देताना अर्धं पाणी आईच्या पांढऱ्या लुगड्यावर सांडलं. आईनं उरलेलं पिऊन टाकलं, तोंड पुसलं, सरकून खालाला पायरीवर जागा केली, आणि बोळाच्या मधोमध उभ्या असलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, "बस हितं. सांग आता. खालाचे कुठंवर आले?"